मतदानातील अडचणी आणि मदत : मंचेरियल परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

आपल्या जिल्ह्यातील मंचेरियल, बेल्लमपल्ली आणि चेन्नूर हे तीन विधानसभा मतदारसंघ पेद्दपल्ली लोकसभा मतदारसंघात येतात. जन्नारम मंडल मात्र खानापूर विधानसभा आणि आदिलाबाद लोकसभेत मोडते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी मंचेरियल जिल्हा वेगळा झाला, तरी मतदारसंघ जुनेच राहिले.

मतदानाच्या दिवशी आजीला खुर्चीवर बसवून नेण्याची तयारी बहुतेक घरांत असते. पण मत बुडते ते बहुधा त्याच्या कितीतरी आधी, यादीतच. ७ डिसेंबर २०१८ च्या विधानसभा मतदानात तेलंगणात अनेकांना केंद्रावर गेल्यावरच कळले की आपले नाव यादीत नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली, पण त्या दिवशीचे मत काही परत मिळाले नाही. म्हणून मदतीची सुरुवात यादीपासून करावी.

नावाचा घोळ आणि सासरी आलेल्या सुना

आपण नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, मग आडनाव असे लिहितो. तेलुगू पद्धतीत आडनाव, म्हणजे इंटिपेरू, आधी येते आणि पुष्कळदा त्याचे एकच अक्षर उरते. त्यामुळे एकाच बाईचे नाव आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे असते. ओळख पटत असेल तर स्पेलिंगच्या किरकोळ फरकावरून कोणाला परत पाठवू नये, अशी आयोगाची सूचना आहे. तरीही फॉर्म ८ भरून नाव वेळीच दुरुस्त करून घेतलेले बरे. पत्ता बदलणे, नवे ओळखपत्र मागणे आणि अपंगत्वाची नोंद करणे यांसाठीही हाच फॉर्म लागतो.

सिरोंचा, अहेरी, राजुरा, बल्लारपूर या बाजूंकडून लग्न होऊन आलेल्या सुनांचे नाव बऱ्याचदा माहेरीच राहते. त्यांनी पुन्हा फॉर्म ६ भरू नये. तो पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांसाठी आहे. इथेही फॉर्म ८ भरावा, म्हणजे माहेरची नोंद निघून इथली होते. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला धरून नाही. २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूरला १९ एप्रिलला मतदान झाले, तर आपल्याकडे १३ मे रोजी. जिवती आणि केरामेरी यांच्यामधल्या वादग्रस्त सीमेवरील गावांत दोन्ही राज्यांच्या याद्यांत नावे असलेली माणसे आहेत. तो प्रश्न दोन राज्यांच्या हद्दीचा आहे. आपल्या घरातल्या सुनेला ती सबब लागू नाही.

बाईचे नाव यादीत स्वतंत्रपणे असण्याला जुना इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि त्या बायकांचे मत गेले. आज तसे होत नाही, पण घरातला कर्ता पुरुष सगळ्यांचे फॉर्म भरतो आणि सुनेचे राहून जाते, हे मंडळातल्या किती घरांत घडते ते आपणच पाहावे.

नव्या मतदारांसाठी आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पक्के घर नसलेल्यांनाही नाव घालता येते. अशा वेळी बीएलओ रात्री त्या जागी येऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहतात. पत्त्याचा पुरावा लागत नाही. नाव नाकारले तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडे, १५ दिवसांत अपील करता येते.

घरून मतदान

मार्च २०२४ पासून ही सोय ८५ वर्षांपुढील मतदारांना आहे. २०२३ च्या विधानसभेला ती ८० वर्षांपुढील मतदारांना होती. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांनाही ती मिळते. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२डी बीएलओंकडे द्यावा लागतो. मुदत इतकी थोडी आहे की प्रमाणपत्र आणि नोंद आधीच तयार हवी. एकदा हा पर्याय मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

मतदानाचे पथक घरी आले की मतपत्रिकेवरची खूण आजोबांनी स्वतः, आडोशाला करायची असते. मुलगा-सून शेजारी उभे राहून सांगू लागले तर ते मत आजोबांचे राहत नाही.

केंद्रावर

अंध किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदाराला १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. एका सोबत्याला एका दिवशी एकाच मतदाराला मदत करता येते आणि गुप्ततेचे लेखी वचन द्यावे लागते. निरक्षरतेचा या नियमात उल्लेख नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी चिन्ह पाहूनच मत द्यायचे असते. यंत्रावर ब्रेल अंक असतात. त्यांचा पहिला प्रयोग २००४ मध्ये हैदराबादच्या आसिफनगर पोटनिवडणुकीत झाला. चाकाची खुर्ची हवी असल्यास ‘सक्षम’ ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर आधी नोंद करावी.

वेळेची मोठी अडचण आपल्याच भागात आहे. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभांना नक्षलग्रस्त म्हणून ठरवलेल्या १३ मतदारसंघांत मतदान दुपारी ४ वाजता संपले. मंचेरियल, बेल्लमपल्ली, चेन्नूर हे तिन्ही त्यांत होते. हैदराबादच्या नातेवाइकांची वेळ आपल्याला लागू होईल असे धरू नये. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, तो दुकानातल्या आणि वीटभट्टीवरच्या मजुरांनाही सांगावा. ४ वाजता रांगेत उभे असलेल्या प्रत्येकाला मात्र मत देता येते.

मतदार ओळखपत्र हरवले म्हणून घरी बसू नये. आधार, पॅन, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, सिंगरेणीसारख्या सरकारी कंपनीचे फोटो ओळखपत्र, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रे यांतले कोणतेही चालते. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर निमूट परतू नये. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागावी.

गाडीबद्दल सांभाळावे. स्वतःच्या गाडीतून घरच्यांना नेता येते, पण केंद्रापासून २०० मीटरच्या आत गाडी नेता येत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी मतदारांसाठी फुकट गाड्या पुरवणे हा निवडणूक कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे. ‘मंडळासाठी’ म्हणून अशी गाडी कोणी देऊ केली तर ती घेऊ नये.

ग्रामपंचायत आणि महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. घरून मतदानाची वर दिलेली सोय तिथेही असेल असे गृहीत धरू नये. त्या वेळी मंडल कार्यालयात किंवा महापालिकेत वेगळी चौकशी करावी.