कडेला बसलेल्या मुलाचा मागोवा

खेळाचा तास लागला की एक-दोन मुलं कडेला बसतात. कुणाचा पाय अधू, कुणाला धाप लागते, कुणाला नीट दिसत नाही. बाकीच्यांच्या चपला सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांना तिथे बसवलं कुणी? जव्हार तालुक्यातल्या जामसरला उभं राहून हा माग काढू लागलं तर तो गावातल्या गुरुजींपाशी थांबत नाही, बराच मागे जातो.

मुलांची स्वतःची रीत वेगळी असते. लहानगं भावंड मागे लागलं की त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचं. तोही पळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत कुठल्या परिपत्रकाने दिलेली नाही. तिच्यात खोट एवढीच की कच्च्या लिंबाचं आउट होणं धरत नाहीत, तसं त्याचं जिंकणंही धरत नाहीत.

शाळेच्या तासात मात्र हा लिंबूसुद्धा उरला नाही, कारण तो तास मुलांच्या खेळातून जन्मलेलाच नाही. एका बाजूने तो पलटणीच्या कवायतीतून आला, दुसऱ्या बाजूने आखाड्यातून. १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, १९२४ साली पुण्यात शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ. अमरावतीच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. पारतंत्र्यात बलदंड पिढी हवी होती, हे समजण्यासारखं आहे. पण ज्याच्या दंडात बळ येणारच नव्हतं, त्याच्यासाठी या स्वप्नात जागा नव्हती. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था निघाली आणि हा वारसा वेळापत्रकात पक्का बसला.

पुढचा टप्पा मला सगळ्यात चटका लावणारा वाटतो. आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले हे कोकणातले. १९५४ साली त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली ती दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलांसाठी, म्हणजे सगळं गमावून बसलेल्या पोरांसाठी. हेतू त्यांना सामावून घेण्याचाच. साधन मात्र सरळ रांगेचं. शिट्टी ऐकू न येणाऱ्याचं पाऊल उशिरा पडतं आणि रांग बिघडते. मग त्याला रांगेबाहेर काढणं सोपं वाटतं. १९५९-६० पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहिमेत धावणं, उडी, फेक यांची मापं ठरली. मापात न बसणाऱ्याची जागा ओघानेच ठरली.

दरम्यान जामसरच्याच, आजच्या पालघर जिल्ह्यात दुसरी एक वाट निघाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जावं लागतं म्हणून मुलं शाळेत येत नव्हती. तर शाळा कुरणात भरवली. मुलात खोट शोधायची नाही, बेत बदलायचा, हा तो विचार. अंगणवाडी देशभर पोचली. कुरणशाळेचा हा हिशेब खेळाच्या तासाला मात्र कुणी लावला नाही, आणि माझ्या मते चुकामूक झाली ती इथेच.

योजना आणि कायदे पुढे आले. १९७४ च्या केंद्रीय एकात्मिक शिक्षण योजनेने अपंग मूल नेहमीच्या शाळेच्या वर्गात आणलं. मैदान दूरच राहिलं. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे. सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे, पण पट शंभराच्या वर असेल तर! डोंगरातल्या, विखुरलेल्या पाड्यांच्या शाळांना ही अट म्हणजे सरळ नकारच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायला सांगितलं. ती द्यायची कुणी, तर ज्या शाळेला खेळाचा शिक्षकच मिळत नाही तिने.

याच कायद्यातल्या अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आदिवासी पट्ट्यात तो आढळतो आणि मुलाकडे बघून कळत नाही. पाणी कमी पडलं, झेपेल त्याहून जास्त दमणूक झाली, थंडी बाधली तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. इथे आणखी एक समजूत आड येते: आदिवासी पोर म्हणजे जन्मजात काटक. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दहा हजार मीटरमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं कांस्य आणि आशियाई स्पर्धेचं रौप्य घेऊन आली. अभिमान वाटावा असंच ते यश. पण तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांनाच पळवलं, तर दुखतं म्हणणारं मूल आळशी ठरतं.

आखाड्यालाही आपली रीत बदलता येते. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोराच्या मल्लखांबावर हातापायाची पकड डोळ्यांपेक्षा जास्त सांगते. अडचण होती ती फक्त पाहून शिकण्याची. तिथे स्पर्श आणि बोलणं कामी येतं.

जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. २०२३ पासून आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी मोहीम चालू आहे. तपासणीत निघालेलं निदान पालकांच्या संमतीने वर्गशिक्षकापर्यंत पोचायला हवं. मग त्या मुलाला न विचारता पाणी प्यायची, मनाला येईल तेव्हा थांबायची मुभा देता येते. खो-खोत त्याला पाठलागाला न धाडता खुंटाजवळ बसवता येतं, त्याला खो मिळाला की नियम थोडा वाकवून तो जागेवरूनच शेजारच्याला खो देईल. शिट्टीबरोबर लाल फडकं हलवलं की बहिऱ्या मुलीला डाव सुरू झाल्याचं कळतं. आणि या सगळ्यांचे गुण फळ्यावर इतरांइतकेच मांडायचे.