शंकासुरावरची अळी

मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) हिच्या चित्रांना केवळ सुंदर म्हणणे मला अपुरे वाटते. फ्रँकफर्टमध्ये पुष्पचित्रकार सावत्र वडिलांच्या हाताखाली ती शिकली आणि तेराव्या वर्षी रेशीमकिडे पाळू लागली. किडे चिखलातून वा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. १६७९च्या ग्रंथात तिने अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच पानावर रेखाटले. तेही त्या अळीच्या खाद्यवनस्पतीवर. तिच्या कलेचा खरा कणा हाच. कीटक काढायचा तर तो काय खातो हे आधी शोधायला हवे.

१६९९मध्ये, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीसह ती सुरिनाम या डच वसाहतीत गेली. साखरेखेरीज काही शोधणाऱ्या या बाईची तिथल्या मळेवाल्यांनी थट्टाच केली. १७०५च्या ग्रंथातील साठ चित्रांपैकी एकात आपल्याकडे अंगणात दिसणारा शंकासूर आहे, त्यावर अळी. सोबतच्या मजकुरात मात्र कीटकाआधी माणसे येतात: आपले मूल गुलामीत जन्मू नये म्हणून गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठी घेत. हे त्यांनीच आपल्याला सांगितले, असे मेरियन लिहिते. सांगणाऱ्यांची नावे ती देत नाही. अळीच्या अंगावरची लव टिपणारी नजर इथे अपुरी पडते.

युरोपात हे झाड शोभेसाठी गेले. बियांविषयीचे ते ज्ञान तिथल्या औषधशास्त्रात रुजले नाही, हे लोंडा शीबिंगर यांनी २००४च्या ‘प्लांट्स अँड एम्पायर’मध्ये दाखवून दिले.