चिकटलेली जीभ

चिकटलेली जीभ : जिभेच्या खालच्या बाजूपासून तोंडाच्या तळापर्यंत जाणारी श्लेष्मल त्वचेची घडी (यापुढे ‘बंध’) जन्मतः आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकाच्या फार जवळ असल्यामुळे जिभेची हालचाल अडणे. वैद्यकीय नाव अँकिलोग्लॉसिया. दवाखान्यात सर्रास टंग-टाय म्हणतात. बंध प्रत्येकाला असतो. आरशासमोर तोंड उघडून जीभ टाळूला लावली की कोणालाही तो दिसेल. तो दिसतो म्हणून दोष ठरत नाही. त्याच्यामुळे दूध पिणे, खाणे, बोलणे किंवा दातांची निगा यांपैकी काही अडत असेल, तरच त्याला दोष म्हणायचे. तपासणी आणि उपचार यांबद्दलचे बहुतेक वाद हा फरक विसरल्यामुळे होतात.

बंध म्हणजे मधोमध ताणलेली एक दोरी, असा समज फार काळ होता. न्यूझीलंडमधील शल्यचिकित्सक निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2019 साली शवविच्छेदनावर आधारित जे वर्णन प्रसिद्ध केले, त्याने तो बदलला. तोंडाच्या तळावर प्रावरणीचा एक पातळ थर पसरलेला असतो आणि जीभ वर उचलली की तो मध्यभागी उचलला जाऊन त्याची घडी पडते. म्हणजेच जीभ किती आणि कशी उचलली यावर बंध कसा दिसेल हे ठरते. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून निदान का करू नये, याचे उत्तर या रचनेतच आहे. जिभेच्या खालच्या पृष्ठभागालगत जिव्हा-चेतेच्या बारीक शाखा असतात आणि बंधाच्या दोन्ही बाजूंना लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात. छेद किती खोल घ्यायचा, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

गर्भावस्थेत जीभ तळापासून सुटी होताना ही प्रक्रिया अपुरी राहते. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हा दोष जास्त आढळतो आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. टीबीएक्स-22 या जनुकातील बिघाडामुळे फाटलेल्या टाळूसोबत चिकटलेली जीभ आढळते. बहुसंख्य मुलांना मात्र दुसरा कोणताही दोष नसतो. प्रमाण किती, हे मोजणाऱ्याच्या निकषावर अवलंबून आहे. एक वर्षाखालील बालकांवरील अभ्यासांचा 2021 मधील एकत्रित आढावा ते सुमारे 8 टक्के सांगतो.

स्तनपानाशी संबंध : बाळ जिभेने स्तन पिळून दूध काढते, ही जुनी कल्पना. ऑस्ट्रेलियात डॉना गेडेस यांनी केलेल्या अल्ट्रासाउंड अभ्यासांत दिसले की जीभ खाली जाते तेव्हा तोंडात निर्वात तयार होतो आणि त्या वेळी दूध वाहते. जीभ नीट खाली-वर होत नसेल तर ही ओढ कमी पडते आणि बाळ हिरड्यांनी स्तनाग्र धरू लागते. आईला वेदना होतात, स्तनाग्रांना चिरा पडतात, पाजल्यानंतर स्तनाग्र चपटे दिसते. बाळ वारंवार सुटते, पिताना टकटक आवाज येतो, तासन्‌तास पिऊनही वजन वाढत नाही. पण नेमकी हीच लक्षणे बाळाला चुकीच्या पद्धतीने धरल्याने, मुदतीपूर्वी जन्मल्याने, नाक बंद असल्याने किंवा दूध कमी असल्यानेही दिसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सच्या 2024 च्या अहवालानुसार, ज्यांचा बंध आखूड दिसतो अशा बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना स्तनपानात अडचण येते.

बाळाची तपासणी : तपासणाऱ्याने बाळाला मांडीवर उताणे घ्यावे, डोके आपल्याकडे असावे, आणि स्वच्छ बोटाने जीभ उचलून बंध कोठे जोडला आहे, किती ताणला जातो हे पाहावे. रडताना जीभ मध्यापर्यंत तरी उचलली जाते का, खालच्या हिरडीपलीकडे येते का, बोट चोखताना जिभेच्या कडा बोटाभोवती वळतात का, हे नोंदवावे. अलिसन हेझलबेकर यांनी 1993 मध्ये तयार केलेल्या गुणतक्त्यात स्वरूपाचे पाच आणि कार्याचे सात मुद्दे आहेत. तो सविस्तर आहे, पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात भरायला वेळखाऊ. ब्रिस्टलचा 2015 मधील तक्ता केवळ चार मुद्द्यांचा, शून्य ते आठ गुणांचा आहे आणि परिचारिकेलाही वापरता येतो. याउलट, बंध टोकापासून किती अंतरावर आहे एवढ्यावरून चार प्रकार पाडणारे कोरिलोस वर्गीकरण जागा सांगते, तीव्रता नाही. पहिला प्रकार चौथ्यापेक्षा वाईट, असा अर्थ त्यातून काढला जातो तो चुकीचा आहे. जिभेच्या मुळाशी दडलेला, डोळ्यांना न दिसणारा ‘पोस्टेरिअर’ बंध हा तर तज्ज्ञांमध्येच वादाचा विषय आहे.

कोणताही तक्ता वापरला तरी प्रत्यक्ष पाजताना आई-बाळाला पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. टाळूत फट नाही ना, हनुवटी फार लहान आणि मागे गेलेली नाही ना, हेही बघायचे. पिएर रॉबिन विकारात जीभ आधीच मागे पडून श्वासमार्ग अडवते. तिथे बंध सोडला तर धोका वाढू शकतो. ब्राझीलने 2014 मध्ये कायदा करून प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाची जीभ तपासणे सक्तीचे केले. भारतात 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत फाटलेला ओठ व टाळू आहे, चिकटलेली जीभ नाही. अमेरिकेत रुग्णालयीन नोंदींनुसार हे निदान 1997 मधील 3,934 वरून 2012 मध्ये 32,837 वर गेले. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत. बघणाऱ्यांची नजर बदलली.

बोलणे : मूल उशिरा बोलू लागले की घरातली वडीलधारी माणसे आधी जिभेकडे बोट दाखवतात. चिकटलेल्या जिभेमुळे बोलणे उशिरा सुरू होत नाही. उशीर दिसला तर पहिली तपासणी कानांची करावी. बंधाचा परिणाम होऊ शकतो तो ठरावीक ध्वनींच्या उच्चारावर. मराठीत ट, ठ, ड, ढ, ण आणि विशेषतः ळ यांसाठी जिभेचे टोक मागे वळून टाळूकडे जावे लागते; ल, र, न, त, द यांना ते दातांमागे किंवा हिरडीपर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे इंग्रजी शब्दांवर बेतलेली चाचणी मराठी मुलाला पुरत नाही. ‘बाळ’, ‘केळे’, ‘पाणी’, ‘लाडू’ असे शब्द म्हणवून घ्यावेत आणि तोंड उघडे असताना व बोलताना टोक कुठे जाते ते पाहावे. अनेक मुले टोकाऐवजी जिभेचा मधला भाग वापरून हे ध्वनी सफाईने काढतात. अशांना उपचाराची गरज नाही. र पाच-सहा वर्षांपर्यंत पक्का न होणे हेही सामान्य आहे आणि बोबडे बोलणाऱ्या बहुतेक मुलांचा बंध ठीक असतो. निर्णय वाचा-उपचारतज्ज्ञाच्या तपासणीनंतर घ्यावा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत अशी सोय आहे. वेखंड उगाळून चाटवल्याने बंध सैल होत नाही.

मोठ्यांमधील तपासणी : मोठ्यांच्या तक्रारी रोजच्या वापरातल्या असतात. कुल्फी चाटता न येणे, दाढांमागे अडकलेला घास जिभेने न काढता येणे, बासरी किंवा सनई वाजवताना जीभ न पोहोचणे, खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी ओढली जाणे, कवळी हलणे. जीभ बाहेर काढली की टोकाला बदामासारखी खाच पडते. मोजमापासाठी आधी तोंड पूर्ण उघडून अंतर मोजतात, मग जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टेकवून तोंड किती उघडते ते मोजतात. दुसरे अंतर पहिल्याच्या 50 टक्क्यांहून कमी असल्यास हालचाल बरीच अडली आहे, असे 2017 मध्ये मांडलेले हे प्रमाण सांगते. वयाची चाळिशी गाठलेल्या माणसाने आपल्यापुरता मार्ग काढलेला असतो. तक्रार नसेल तर केवळ मोजमापावरून हात लावू नये.

उपचार : बंध सोडवण्याची पद्धत जुनी आहे. युरोपात सुइणी त्यासाठी करंगळीचे नख वाढवत. हठयोगप्रदीपिकेत खेचरी मुद्रेसाठी निरोगी प्रौढाचा बंध दर सात दिवसांनी केसभर कापून त्यावर सैंधव व हिरडा चोळण्याची कृती दिली आहे. तिचा हेतू वेगळा होता. आज कोणी ती घरी करून पाहू नये. आधुनिक काळात बोथट टोकाची कात्री हेच मुख्य साधन राहिले. लहान बाळात बंध पातळ असतो, काम काही सेकंदांत होते, रक्ताचे एक-दोन थेंब येतात आणि बाळाला लगेच पाजायला घेतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2005 मध्ये या कृतीला सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठा आक्षेप नसल्याचे म्हटले.

लेसर : दंतवैद्यकात प्रामुख्याने तीन प्रकार वापरात आहेत. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर. हा किरण पाण्यात शोषला जातो आणि ऊती मुख्यतः पाण्याची असल्याने स्पर्शाविना तिचा पातळ थर वाफ होऊन जातो. बारीक रक्तवाहिन्या त्याच वेळी बंद होतात. हा लेसर 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला तो कुमार पटेल यांनी. ते जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. डायोड लेसर (साधारण 810 ते 980 नॅनोमीटर) लहान आणि स्वस्त असल्याने दवाखान्यांत जास्त दिसतो. त्यात प्रत्यक्ष कापण्याचे काम बरेचसे काचतंतूचे तापलेले टोक करते, म्हणून हात रेंगाळला तर आजूबाजूची ऊती भाजते. अर्बियम लेसरमध्ये (2,940 नॅनोमीटर) उष्णता कमी पसरते, पण रक्तही तितकेसे थांबत नाही.

लेसरचा खरा फायदा रक्तस्राव कमी, जागा स्वच्छ दिसणे आणि टाक्यांची गरज कमी एवढा आहे. मोठी मुले आणि प्रौढ यांच्या जाड, रक्तवाहिन्या असलेल्या बंधासाठी तो मोलाचा आहे. तान्ह्या बाळाच्या पातळ पडद्याला मात्र कात्री पुरते. लेसर वापरल्याने दूध पिणे अधिक सुधारते असा पुरावा नाही. जाहिरातींत ‘वेदनारहित’ हा शब्द असतो, तो खरा धरू नये. लेसरच्या वेळी बाळासह खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा किंवा झाकण लागते.

बाळाला कापडात गुंडाळून, साखरपाण्याचे थेंब देऊन बंध सोडवतात. दोन वर्षांखालील मुलाच्या तोंडात बेंझोकेनचे जेल लावू नये. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला. जन्मानंतर व्हिटॅमिन-के दिले होते का आणि घरात रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे आधी विचारणे आवश्यक. प्रौढांत लिग्नोकेनने जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत काम होते. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मात्र बहुधा पूर्ण भूल लागते, म्हणून या वयात घाई टाळलेली बरी. बंध फार जाड असेल तर झेड आकाराचा छेद देऊन टाके घालतात.

जखमेवर दुसऱ्या दिवशी पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नव्हे. आठवडा-दोन आठवड्यांत जातो. रक्त न थांबणे, जिभेखाली निळसर फुगा येणे, टोक बधिर राहणे, बाळाने तोंडाला काही लावू न देणे, हे झाल्यास लगेच दाखवावे. जागा पुन्हा चिकटू नये म्हणून बाळाची जखम दिवसातून अनेकदा चोळायला सांगण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि अमेरिकन अकॅडमी तिची शिफारस करत नाही. मोठ्यांना जिभेचे व्यायाम आणि वाचा-उपचार लागतात. वर्षानुवर्षे लागलेली जिभेची सवय नुसत्या छेदाने सुटत नाही.

परिणामांचा पुरावा माफक आहे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि 302 बाळे होती. आईच्या वेदना अल्पकाळ कमी झाल्या. बाळाच्या पिण्यात सातत्याने फरक दिसला नाही. ब्रिटनमधील फ्रॉस्टी चाचणीत 870 बाळे घ्यायची होती, 169 मिळाली. ज्यांना फक्त स्तनपानाचे मार्गदर्शन द्यायचे ठरले होते त्यांच्यातही सुमारे तीन चतुर्थांश बाळांचा बंध पुढे कापला गेला, त्यामुळे तुलनाच उरली नाही. घोरणे, मानदुखी, वाकडे दात यांवर इलाज म्हणून बंध सोडवण्याचा प्रचार होतो. त्याला आधार यापेक्षाही थोडा आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2020 च्या सहमती-निवेदनाने गालाचा तथाकथित बंध कापू नये असे स्पष्ट म्हटले आहे. जिभेच्या उपचारासोबत ‘ओठाचा आणि गालाचाही बंध एकाच बैठकीत’ असे सुचवले गेले, तर पालकांनी होकार देण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.