तोटीला तडा का गेला?

फवारणीचा पंप पाहिला नाही असा विद्यार्थी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणे कठीण. कापसाच्या हंगामात तो घरोघरी असतो. त्या पंपात औषधाच्या पाण्यावर दाब दिला जातो आणि पाणी बारीक भोकातून बाहेर पडताना आपोआप फुटते. या लेखात ज्या उपकरणाची गोष्ट सांगायची आहे, त्यात द्रवाला कोणी ढकलत नाही. तेथे हवा धावते, द्रव तिच्यामागे ओढला जातो आणि हवाच त्याचे तुषार करते. हे उपकरण म्हणजे चित्रकारांचा एअरब्रश. आकाराने जाडसर फाउंटन पेनाएवढा, वर रंगाची वाटी, खाली हवेची नळी आणि बोटाखाली एक खटका.

मी शाळेत असताना, १९९० च्या दशकात, खामगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एका पेंटरचे दुकान होते. आम्ही मुले त्यांना पेंटरकाका म्हणायचो. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच, आणि काकांचे बरेचसे पोटही कापसावरच चाले. गाठींवर प्रेसचा मार्का उमटवायला पत्र्याच्या स्टेन्सिली लागत, त्या ते कापून देत. दुकानांच्या पाट्या रंगवत. पण त्यांचे खरे प्रेम एअरब्रशवर होते. त्याला ते ‘गन’ म्हणत. कॉम्प्रेसर परवडणारा नव्हता, म्हणून ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या दुकानातून हवा भरून आणत. ही युक्ती दिसते त्यापेक्षा शहाणपणाची आहे. पंपाची हवा धक्क्याधक्क्याने येते, ट्यूबमधली मात्र एकसारखी वाहते.

भिंतीवर रघुवीर मुळगावकरांचे (१९१८–१९७६) एक जुने कॅलेंडर होते. मुळगावकर मूळचे गोव्याचे. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि देवादिकांची कॅलेंडरे यांतून त्यांची चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरात पोचली. गालावरची उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा त्यांच्या चित्रात अशी विरघळते की कुंचल्याचा एकही फटकारा दिसत नाही. हे काम एअरब्रशचे. मुळगावकरांचा त्यावर विलक्षण हात होता. काका ते कॅलेंडर भिंगातून पाहत आणि गन कुठे जवळ धरली असेल, कुठे लांब, याचा हिशेब करत. त्यांचे शिक्षण हेच.

दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे मदतीला जात असे. एका दुपारी ते जेवायला गेले असताना तुंबलेली गन साफ करावी असे माझ्या मनात आले. मी तोटीच्या तोंडातून शिवणाची सुई घातली आणि फिरवली. संध्याकाळी गन एका बाजूला थुंकू लागली. काकांनी तोटी उजेडात धरून पाहिली. ‘काहून टोचलं बे त्याले?’ एवढेच म्हणाले. आवाज चढला नाही, त्याचेच मला जास्त लागले. तशी तोटी खामगावात मिळत नव्हती. पुढे त्यांनी बारीक काम सोडून दिले. छटा हवीच असली तर दात घासायचा ब्रश रंगात बुडवून पट्टीवर घासत आणि शिंतोडे उडवत. काही वर्षांनी फ्लेक्सचे फलक आले आणि हाताने रंगवलेल्या पाट्यांचीच मागणी ओसरली. ती गन त्यांनी मला देऊन टाकली. ती माझ्या टेबलाच्या खणात वीसेक वर्षे पडून होती. गेल्या उन्हाळ्यात ती दुरुस्त करायची असे मी ठरवले.

दुरुस्तीसाठी उपकरण उघडले की त्याचा इतिहासही उघडतो. एअरब्रशचा जन्म अमेरिकेतला. १८७६ साली फ्रान्सिस स्टॅन्ले यांनी रंग फवारणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारींसाठी प्रसिद्ध झालेले स्टॅन्ले ते हेच. तीन वर्षांनी आयोवा राज्यातल्या अब्नर पीलर या खटपट्या माणसाने वेगळी रचना केली. त्याचे हक्क घेऊन लिबर्टी वॉकअप यांनी ती सुधारली, ‘एअर-ब्रश’ या नावाने विकली आणि ती कशी वापरायची हे शिकवायला शाळाही काढली. गिऱ्हाईक मुख्यतः छायाचित्रवाले होते. मोठ्या केलेल्या फोटोतली अस्पष्टता हाताने सावरावी लागे, आणि त्यासाठी कुंचल्याची खूण न ठेवणारे साधन हवे होते. वॉकअप यांच्या यंत्रात हवेने फिरणारे एक चिमुकले चाक असे. ते एक सुई झपाझप मागेपुढे हलवी, सुई रंगात बुडून पुढे येई आणि हवेचा झोत तिच्या टोकावरचा रंग उडवून नेई. काम सुरेख होई, पण यंत्र नाजूक.

आज आपण ज्याला एअरब्रश म्हणतो त्याची रचना चार्ल्स बर्डिक यांची. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. नंतर बर्डिक इंग्लंडला गेले आणि तेथे ‘एरोग्राफ’ या नावाने त्यांचे उपकरण विकले जाऊ लागले. त्यांनी चाक काढून टाकले. निमुळती सुई निमुळत्या तोटीत बसवली आणि तोटीभोवती कंकणाकृती फट ठेवून तिच्यातून हवा सोडली. खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंगाची वाट मोकळी होते. एका बोटाने दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात. काकांच्या गनची तोटी आतून सुमारे ०.३ मिलिमीटरची आहे, म्हणजे चारएक केसांच्या जाडीएवढी. वाळलेल्या रंगाचा एक कण तिला पुरतो.

हवेमागे रंग का ओढला जातो? पुस्तकी उत्तर आपणा सर्वांना पाठ आहे. बर्नुलीच्या नियमाप्रमाणे वेगवान हवेचा दाब कमी असतो, म्हणून. हे उत्तर अर्धवट आहे. बर्नुलीचा नियम एकाच प्रवाहातल्या दोन ठिकाणांची तुलना करतो. तोंडातून बाहेर पडून मोकळ्या खोलीत आलेल्या झोताचा दाब जवळजवळ खोलीतल्या हवेइतकाच असतो, मग वेग काहीही असो. वर्गात हे सहज दाखवता येते. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात सरबताची नळी बसवा. नळीचे वरचे तोंड पुठ्ठ्याच्या पातळीत ठेवा आणि खालचे टोक शाईच्या पाण्यात बुडवा. पुठ्ठ्यालगत जोराने फुंकर मारली तरी पाणी फारसे चढत नाही. आता नळी तीन-चार मिलिमीटर वर काढा आणि तशीच फुंकर मारा. पाणी चढते. फुंकरीचा वेग तोच आहे. फरक इतकाच की आता झोताला नळीच्या काठावरून वळसा घेऊन जावे लागते, आणि वळणाऱ्या प्रवाहाच्या आतल्या अंगाला दाब कमी होतो. म्हणून एअरब्रशमध्ये तोटीचे टोक हवेच्या फटीच्या तुलनेत किती पुढे आहे आणि त्याचा काठ कसा आहे, यावर सगळे अवलंबून असते. काठ बिघडला की ओढ बिघडते.

ही कल्पना फक्त चित्रकारांची नाही. फ्रान्समध्ये सेल-गिरों यांनी १८५८ साली औषधी पाण्याचे तुषार श्वासावाटे देणारे उपकरण केले होते. १८८८ च्या सुमारास ॲलन डिव्हिल्बिस या अमेरिकन डॉक्टरने घशात औषध फवारण्याचे साधन बनवले, आणि त्यांच्याच घराण्यातून पुढे मोटारी रंगवणारी स्प्रे गन आली. १८७० च्या दशकातच फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गुई क्षारांचे द्रावण अशाच तुषारांच्या रूपात ज्योतीत सोडून तिच्या रंगाचा अभ्यास करत होते. स्वीडनच्या लुंडेगार्ड यांनी १९२९ च्या सुमारास त्यावरून वनस्पती आणि माती यांच्या पृथक्करणाची पद्धत बसवली. आज शेतकऱ्याच्या मातीतले पालाश मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरमध्ये तीच तोटी असते. माझ्या प्रयोगशाळेतली ती तोटी महिन्यातून एकदा तरी तुंबते. ती साफ करताना मला दर वेळी शिवणाची सुई आठवते.

गन साफ करायला घेतली तेव्हा पहिला प्रश्न होता की आत वाळलेला रंग कोणता. हे न पाहता द्रावक ओतणे म्हणजे निदानाआधी औषध देणे. पोस्टर रंग डिंकाचा असतो, त्याला कोमट पाणी आणि साबण पुरतो. ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइन, लॅकर असेल तर थिनर. पण थिनरमध्ये आख्खी गन बुडवून ठेवली तर आतले रबरी वॉशर फुगतात, म्हणून आधी सर्व भाग सुटे करायचे. तेही क्रमाने. काकांचे वाक्य मला पाठ होते : ‘सुई आंधी मांगं घे, मंगच तोटी खोल.’ सुई तोटीत घट्ट असताना तोटी फिरवली की निमुळती सुई पाचरीसारखे काम करते आणि तोटी फाटते.

सुईचे टोक वाकले होते. ते काचेवर ठेवून नखाखाली हलकेच लोळवत सरळ केले आणि धातूचे नमुने घासायच्या बारीक ॲल्युमिना भुकटीने चकचकीत केले. मग सगळे जोडले, वाटीत नुसते पाणी घातले आणि हवा सोडली. वाटीत बुडबुडे आले. म्हणजे हवा उलट तोटीत शिरत होती. झाकणीची बैठक नीट होती, तेव्हा दोष तोटीतच.

तोटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काठ एका बाजूला बाहेर फाकलेला दिसला. ती माझी सुई, ओळख पटली. पण त्या फाकलेल्या जागेपासून मागे सुमारे मिलिमीटरभर एक बारीक, फांद्या फुटलेला तडा गेला होता. टोचण्याने पितळ वाकते, ताणले जाते, पण असा तडा जात नाही. हे मला सुचले नव्हते.

मग एक जुनी गोष्ट आठवली. काका काळ्या ड्रॉइंग इंकनेही काम करत. ही शाई लाखेची असल्याने वाळल्यावर नुसत्या पाण्याला दाद देत नाही, अमोनियाला देते. घरांचे नकाशे छापणाऱ्या अमोनिया प्रिंटच्या दुकानातून काका थोडा अमोनिया आणत, पाण्यात मिसळत आणि तोटी रात्रभर त्यात ठेवत. सकाळी पाणी निळसर झालेले असे. ‘शाई सुटली,’ असे ते म्हणत. पण शाई काळी होती! तो निळा रंग तांब्याचा. तोटीवरचा मुलामा झिजला होता, आणि अमोनिया हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने पितळातले तांबे विरघळवत होता.

अमोनिया आणि पितळ यांच्या वैराची एक प्रसिद्ध हकीकत आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यात साठवून ठेवली की त्यांच्या नळकांड्यांना तडे जात. ऋतूशी संबंध दिसला म्हणून याला इंग्रजीत नावही ऋतूवरूनच पडले. कारण मात्र १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले. दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेला असे. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे. काडतुसाचे पितळ थंड अवस्थेत ओढून घडवलेले असल्याने त्यात ताण कोंडलेला असे. दमट हवा, अमोनिया आणि ताण एकत्र आले की तडा जाई. अमोनिया नसेल तर ताण असूनही काही होत नसे. आणि काडतूस मंद तापवून ताण काढून टाकला तर अमोनियाची मात्राही बरीचशी चालत नसे.

काकांच्या तोटीत ताण मी घातला होता. अमोनिया काका घालत होते. माझ्या सुईनंतरही त्यांनी काही महिने ती तोटी धुऊन वापरली, तेव्हा तडा बहुधा त्याच काळात वाढत गेला असावा. माझा अपराध यामुळे कमी होत नाही, पण त्याचे वर्णन बदलते.

संस्थेच्या वर्कशॉपमधल्या टर्नरने पितळी सळईतून नवी तोटी करून दिली. इतके बारीक भोक पाडताना दोन ड्रिल मोडले. तोटी मी तासभर २७५ अंश सेल्सिअसला तापवून सावकाश थंड केली. रबरी वॉशरच्या जागी टेफ्लॉनचे कापून बसवले. पाण्याच्या चाचणीत बुडबुडे आले नाहीत.

दिवाळीत खामगावला गेलो तेव्हा गन बरोबर नेली. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. अमोनियाची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि निळ्या पाण्याबद्दल दोनदा विचारले. मग मोटारीच्या चाकात हवा भरायचा माझा छोटा पंप नळीला जोडून वाटीत पातळ काळा रंग घातला आणि वर्तमानपत्रावर एक रेघ ओढली. रेघ केसासारखी सुरू झाली, बोटभर रुंद होत करडी झाली आणि विरून गेली. हात थोडा कापत होता, पण रेघेत ते दिसले नाही. शेवटाजवळ दोन बारीक ठिपके पडले होते. काकांनी चष्मा वर करून ते पाहिले.

‘थुंकते अजून,’ ते म्हणाले.

टर्नरकडे दुसऱ्या तोटीचे काम दिले आहे.