दिवाडी बेटाचा बिशप

नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्या घरून फराळाचे जे पहिले ताट बाहेर पडते, ते पलीकडच्या वाडीतल्या एका वृद्ध ख्रिस्ती सुताराच्या घरी जाते. नाताळात तेच ताट नेवऱ्या आणि दोदोल घेऊन परत येते. रिकामे ताट परत करायचे नाही, हा आमच्या मालवणी किनाऱ्यावरचा दोन्हीकडचा रिवाज. गेल्या दिवाळीला ताट घेऊन मीच गेलो. म्हातारा ओसरीवर बसला होता. ताटावरचा रुमाल बाजूला करीत त्याने मला एकदम विचारले, "मास्तरानू, गोंयात किरिस्तावांचाच राज होता ना? मगे आमचे पूर्वज बार्देशातसून पळान हय कित्याक इले?"

इतिहासाच्या तासाला असा प्रश्न कुणी विचारीत नाही. इन्क्विझिशन, करांचा बोजा, वरचेवर होणाऱ्या स्वाऱ्या, अशी कारणे मी सांगू शकलो असतो. पण त्या दिवशी मला आठवला तो एक बिशप. त्याचीच गोष्ट मी म्हाताऱ्याला सांगितली, आणि तीच येथे लिहीत आहे.

त्याचे नाव मातेउस दि कास्त्रो. मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, एका धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात, १५९४च्या सुमारास तो जन्मला. याच बेटावर पूर्वी सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, तेव्हा भक्तांनी देवाला नदीपार डिचोलीतल्या नार्व्याला नेले, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे वाचकांना ठाऊक असेल. देव ज्या वाटेने नदीपार गेला, त्याच दिशेने पुढे हा बिशपही गेला, म्हणून हे सांगितले.

मातेउसला पाद्री व्हायचे होते. फ्रान्सिस्कनांच्या रेइश मागुश येथील विद्यालयात तो शिकला. परंतु गोव्याच्या आर्चबिशपाला एतद्देशीय माणसाच्या अंगावर पाद्र्याचा झगा पाहवत नव्हता. धर्म एक, क्रूस एक, पण वेदीजवळ उभे राहण्यासाठी कातडीचा रंग पाहिला जाई. मुलगा हट्टी. १६२५च्या सुमारास तो खुश्कीच्या मार्गाने रोमला निघाला. त्या काळी वाळवंटे आणि लुटारू ओलांडून तिथवर जाणे म्हणजे काय, याची कल्पना आम्हां एस.टी.ने सावंतवाडी गाठून दमणाऱ्यांना यायची नाही!

रोमला त्याची कदर झाली. त्याला कारण होते. पूर्वेकडची चर्चे बांधायची, पाद्र्यांचा खर्च सोसायचा, आणि त्याबदल्यात बिशप कोण व्हावा हे आपण ठरवायचे, असा हक्क पोर्तुगालच्या राजांनी पोपांकडून मिळवला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे हा हक्क रोमलाच जड होऊ लागला, आणि १६२२ साली तेथे प्रोपागांदा फिदे नावाची धर्मप्रसाराची स्वतंत्र संस्था निघाली. तिला मातेउससारखा माणूस हवाच होता. त्याला दीक्षा मिळाली. १६३३ साली तो गोव्याला परतला, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याची कागदपत्रेच मानली नाहीत. पुन्हा रोम. १६३७ साली तो बिशप झाला आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा व्हिकर अपोस्टोलिक नेमला गेला. लॅटिन चर्चचा हा पहिला भारतीय बिशप. आपल्या जन्मगावी मात्र त्याला मानाने पाऊल टाकता येईना. तो डिचोलीला, पोर्तुगीज हद्दीच्या पलीकडे, जाऊन राहिला. डिचोली, बांदे आणि वेंगुर्ले येथे चर्चे बांधण्याची परवानगी त्याने विजापूर दरबाराकडून मिळवली. म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या दोन गावांत या माणसाचे हात पोचले होते.

येथवर त्याची बाजू न्यायाची आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्याच्याच धर्मातल्या लोकांनी त्याला जो छळ सोसायला लावला तो वाचून मन विटते. अफोन्सो मेंदिश नावाचा एक पॅट्रिआर्क तेव्हा गोव्यात होता. त्याने तर मातेउसच्या वर्णावरून असे शब्द वापरले की ते या अंकात छापता यायचे नाहीत. गंमत अशी, की हा मेंदिश स्वतः इथिओपियातून हाकलला गेलेला! तेथल्या सुसेन्योस बादशहाने रोमचा पंथ स्वीकारला होता, आणि त्या एका माणसाच्या जोरावर मेंदिशने सारा देश आपला मानला. १६३२ साली बादशहानेच माघार घेतली, त्याच्या मुलाने पाद्र्यांना देशाबाहेर घालवले, आणि बादशहावर विसंबलेला पॅट्रिआर्क गोव्याच्या धक्क्याला लागला. पुढे प्रोपागांदाने मातेउसलाही त्याच इथिओपियाच्या कामगिरीवर धाडले. तीही फसली.

मेंदिशचे काय झाले हे मातेउसला पक्के ठाऊक होते. तरीही तो त्याच वाटेने गेला, हे मला आजवर उलगडलेले नाही. त्याने बादशहा बदलला, एवढेच.

१६५३ साली त्याने गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या नावाने ओळखले जाणारे पत्र लिहिले. तुमचा अपमान कसा होतो ते पाहा, आणि हे जोखड झुगारा, असा त्याचा रोख. झुगारायचे ते कुणाच्या बळावर? एक आदिलशहा. दुसरे डच. वेंगुर्ल्याला डचांची वखार १६३७ पासून होती. तिचे पडके दगडी अवशेष मी शाळेच्या सहलीबरोबर पाहिले आहेत. भिंतींना झाडांची मुळे विळखा घालून बसली आहेत. मुलांना मी तेथे उभे करून सांगितले, की इथल्या लोकांशी एका कॅथलिक बिशपाचे संधान होते. एका चुणचुणीत मुलीने विचारले, "पण सर, डच तर कॅथलिकांच्या विरोधात होते ना?" मातेउसला हा प्रश्न विचारणारे कुणी भेटले नसावे.

१६५४ साली विजापूरची फौज खरोखरच गोव्यावर आली. बार्देशात शिरली, साष्टीत शिरली. पण बादशाही फौज काही पाद्र्यांना न्याय देण्यासाठी चालून येत नाही. पोर्तुगीजांनी ती मागे रेटली, पुढल्या वर्षी तह झाला, आणि दरबार आपल्या कामाला लागला. बिशपाच्या तक्रारी होत्या तिथेच राहिल्या. डचांचे म्हणाल, तर १६५६ला त्यांनी कोलंबो घेतले आणि १६६३ला कोची. सिलोनात कॅथलिक पाद्र्यांना बंदी झाली, ती इतकी, की १६८७ साली गोव्याच्या जुझे वाझ यांना वेषांतर करून त्या बेटावर उतरावे लागले. मातेउस ज्यांच्याकडे सुटकेसाठी पाहत होता ते हे लोक.

कॅथलिक पाद्र्यांच्या नित्यपाठात सारी स्तोत्रसंहिता फिरून फिरून येते. राजेरजवाड्यांवर भिस्त ठेवू नका असे बजावणारे एक स्तोत्र तीत आहे. मातेउसने ते आयुष्यात हजार वेळा तरी म्हटले असेल. मी नुसता मॅट्रिक झालेला शाळामास्तर. रोममध्ये शिकलेल्या माणसाला काय सांगणार! पण परवचा घोकूनही हिशेबात चुकणारी मुले मी रोज पाहतो.

१६५८ साली तो रोमला निघून गेला. १६७७ साली, ऐंशी ओलांडल्यावर, तेथेच वारला. त्याचे सारे फुकट गेले असेही नाही. त्याच्यामागे रोमने कुस्तोदियो दि पिन्यो आणि त्याचा पुतण्या तोमास दि कास्त्रो या आणखी दोन गोमंतकीयांना व्हिकर अपोस्टोलिक नेमले. शस्त्रांनी जे साधले नाही त्यातले थोडेसे हट्टाने साधले.

आणि दुखणे जुनेच राहिले. १७८७ साली बिशपपद नाकारलेले दोन गोमंतकीय पाद्री, कुतो आणि गोन्साल्विस, कटाच्या अग्रभागी होते. टिपूची कुमक येईल अशी हवा तेव्हा होती, आणि त्याच टिपूने तीनच वर्षांपूर्वी कानडा किनाऱ्यावरचे हजारो ख्रिस्ती श्रीरंगपट्टणला कैदेत नेले होते! कट फुटला. पंधरा जणांना १७८८ साली देहान्त शिक्षा झाली. पाद्री तेवढे लिस्बनला धाडले गेले.

एवढे सांगून होईतो चहा निवला होता. म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फौज बार्देशात घुसली, तेव्हा तो बिशप खय होतो?"

"आदिलशाही मुलखात. नदीच्या अल्याड."

"अल्याड," तो म्हणाला, आणि त्याने चकलीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.