आठवड्याची मजुरी आणि वर्षाचे पीक : निपाणी-बेळगाव भागातील घरखर्चाचा इतिहास

मंडळीचे अंदाजपत्रक करताना ‘दर घरामागे अमुक रुपये’ अशी वर्गणी लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती हिशेबाला सोपी असते आणि वरवर पाहता समतेचीही वाटते. परंतु तिच्या मुळाशी जी ‘सर्वसाधारण घर’ नावाची कल्पना आहे, तिला इतिहासाचा आधार कितपत सापडतो, हे पाळकांनी व उपदेशकांनी पाहण्याजोगे आहे. निपाणी-बेळगावचा सीमाभाग या तपासास विशेष योग्य होय. कारण एकाच आठवडी बाजारात येणारी, मराठी व कानडी दोन्ही समजणारी घरे येथे निरनिराळ्या मार्गांनी पैसा मिळवीत व खर्चीत आली आहेत.

या शास्त्राचा प्रारंभ युरोपात झाला. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जममधील मजूर कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा, असा तो नियम. आपल्याकडे त्याची मोठी पडताळणी मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केली. त्या वेळी बेळगाव जिल्हा त्याच मुंबई इलाख्यात होता. मुंबईतील २,४७३ कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चात खर्चाचा ५६.८ टक्के हिस्सा अन्नावर जात असल्याचे दिसले, आणि शंभरांतील सत्तेचाळीस कुटुंबे कर्जात होती. त्याच अहवालात गिरणी कामगाराला मिळणारे धान्य तुरुंगातील कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी भरते, असाही निष्कर्ष निघाला. सरकारच्याच एका खात्याने हे छापावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

तथापि एंगेलचा नियम केवळ ‘किती’ याचा विचार करतो. निपाणीचा इतिहास ‘केव्हा’ या प्रश्नाकडेही बोट दाखवितो.

निपाणीची पेठ विडीच्या तंबाखूवर वाढली. तंबाखूची लावण पावसाळ्यात, काढणी हिवाळ्यात. पैसा वर्षातून एकदाच, तोही व्यापारी देईल तेव्हा. अशा घराचा खर्च वर्षभर उधारीवर चाले आणि माल विकला गेला की एकदम फिटे. लग्न, घरदुरुस्ती, बैल, दागिना हे सर्व त्याच चार-दोन आठवड्यांत. भाव पडला की त्या घराचे केवळ उत्पन्न घटत नसे. पुढच्या वर्षाची पतही घटत असे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले व ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या आंदोलनाची मागणी किलोमागे भावाची होती. पण त्या भावावर घरोघरच्या वर्षभराच्या वह्या लटकत होत्या, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या दिवसांची तीव्रता कळत नाही.

त्याच गावात दुसरे घर होते. तंबाखूच्या वखारीत काम करणारी अथवा घरी विड्या वळणारी बाई त्या घराची कमावती असे. विडीची मजुरी हजारी दराने, म्हणजे हजार विड्यांमागे; त्यातून ‘छाट’ म्हणून नाकारलेल्या विड्या वजा. वखारीतील धूळ व वागणूक यांविरुद्ध १९८० च्या सुमारास हजारो स्त्रिया सुभाष जोशी प्रभृतींच्या साहाय्याने संघटित झाल्या. ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये त्यावर चित्रपटही केला. या घरी पैसा थोडा असे, पण वारंवार येई. म्हणून खरेदीही तशीच : पावशेर तेल, एका दिवसाचे पीठ, चिमूटभर चहा. किरकोळीने घेतलेली तीच वस्तू ठोक खरेदीपेक्षा महाग पडते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. वर्षाची बेगमी करणे, म्हणजे सुगीत स्वस्त धान्य भरून ठेवणे, हे ज्याच्या हाती एकदम रक्कम येते त्यालाच शक्य. गरिबाचे अन्न अशा रीतीने श्रीमंताच्या अन्नाहून महाग होते.

तिसरे घर बेळगाव शहरातले, मासिक पगाराचे : शाळा, कचेरी, छावणी, पुढे उद्यमबागेतील कारखाने. येथे पहिल्या आठवड्यात महिन्याचा किराणा भरला जातो, आणि शिल्लक शिक्षणाकडे व औषधपाण्याकडे वळते. (शहापूर-वडगावचे विणकर या तिन्हींच्या मधोमध कोठेतरी बसतात.)

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय नमुना पाहणीने हे चित्र देशभर मोजले. १९७२-७३ मध्ये ग्रामीण घराच्या खर्चात अन्नाचा वाटा ७२.९ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये, तर वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१ रुपये आढळला. आपल्या भागापुरते पाहिल्यास ग्रामीण कर्नाटकाची सरासरी ४,३९७ व ग्रामीण महाराष्ट्राची ४,०१० रुपये. १९५६ पासून ज्या सीमेसाठी एवढा वाद झाला, तिच्या दोन बाजूंच्या सरासरींत अंतर ३८७ रुपयांचे; गरीब व सधन गटांतील अंतर नऊ हजारांहून अधिक.

शास्त्रलेखाकडे वळलो तर असे दिसते की मोशेच्या नियमशास्त्राला ‘केव्हा’ हा प्रश्न चांगला ठाऊक होता. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी अनुवाद २४ मधील आज्ञा आहे. कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मजुरी पूर्ण दिली पण उशिरा दिली, तरी तेथे तो अपराधच गणला आहे. मार्क १२ मधील विधवेच्या दोन टोल्यांचे मोलही रकमेवरून नव्हे, तर घरातील शिल्लकेवरून ठरविले गेले.

आता वर्गणीचा हिशेब करू. पाच माणसांच्या घरामागे महिना शंभर रुपये लावले, तर वरील आकड्यांप्रमाणे तळच्या घराच्या शंभर रुपये खर्चातून जवळजवळ दीड रुपया जातो. वरच्या घराच्या शंभरातून वीस पैसेही जात नाहीत. तीच वर्गणी वर्षाची एकदम मागितली तर पीकवाल्या घरास हंगामानंतर ती जड वाटणार नाही, पगारदाराला थोडी टोचेल, आणि आठवड्याच्या मजुरीवरचे घर तिच्यासाठी उधार काढील किंवा काही आठवडे उपासनेस येण्याचे टाळील. आपण त्या गैरहजेरीस आध्यात्मिक थंडपणा म्हणतो.

आपल्या अनेक मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य प्रभूसाठी बाजूला काढण्याची पद्धत होती. रोख वर्गणीच्या सोयीपुढे ती पुष्कळ ठिकाणी मागे पडली. त्या मुठीचे माप ज्या दिवशी जे घरात असेल त्याप्रमाणे होई, आणि चूल पेटली नाही त्या दिवशी काहीच बाकी राहत नसे.