नाणेघाटाचा रांजण आणि यंत्रबुद्धीची जकात

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागून टोकावडे मागे टाकले म्हणजे वैशाखरे येते. तेथून पायवाट रानात शिरते आणि दोन-तीन तासांच्या चढणीनंतर नाणेघाटाच्या तोंडाशी पोचते. वर एक कोरीव लेणे आहे, आणि घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला माल घेऊन जाणारे व्यापारी या रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे आमच्या लहानपणापासून सर्वजण सांगत आले आहेत. शिलालेखात रांजणाचा उल्लेख नाही. पण ज्याच्या हाती खिंड त्याच्या हाती वसुली, एवढी गोष्ट ओळखण्यास शिलालेखाची गरजही नाही.

लेण्यातील लेख सातवाहन राणी नागनिकेचा. केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा यांची त्यात याद आहे. गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात खोदलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाचे नाव कायमचे आले. त्या अंकपद्धतीत शून्य नव्हते; दहाला एक चिन्ह, शंभराला दुसरे, हजाराला तिसरे. आज ज्या यंत्रांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे ती शून्य आणि एक या दोन अंकांवर चालतात. गणिताची ही वाट आमच्या तालुक्याच्या कड्यावरून गेली आहे, याचा थोडासा अभिमान बाळगला तर वाचक आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची स्पर्धा हा विषय शहापुरास मांडावयाचा, हे ऐकून एका स्नेह्यांनी विचारले, “तो अमेरिका-चीनचा मामला, त्यात तुमचे आसनगाव-वासिंद कोठे बसते?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही इतिहासातून देऊ इच्छितो, कारण खिंडी, जकाती आणि नाकेबंदी यांचा अनुभव या भागाला दोन हजार वर्षांचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ नावाचा प्रवासवृत्तान्त प्रसिद्ध आहे. त्यात कल्याण बंदराविषयी एक चमत्कारिक वाक्यार्थ आढळतो. थोरल्या सारगनाच्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, वेळी हे बंदर व्यापाराला खुले होते. पुढे सत्ता बदलली, आणि मग तेथे चुकून लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागले. भडोच क्षत्रपांचे, कल्याण सातवाहनांचे. प्रतिपक्षाचे बंदर जाळण्याची गरज नव्हती. तेथे जाणारे जहाज वळविले की पुरे. शास्त्रग्रंथांत याला काय संज्ञा असेल ती असो, आजच्या वृत्तपत्रांत तिला ‘निर्यात नियंत्रण’ म्हणतात.

दिनांक ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेच्या सरकारने नेमके हेच केले. यंत्राला भाषा, चित्रे आणि तर्क शिकवावयाचा तर विशिष्ट प्रकारच्या चिपा हजारोंच्या संख्येने लागतात. त्यांची आखणी मुख्यतः अमेरिकेतील एनव्हिडिया ही कंपनी करते, त्या घडवितो तैवानमधील टीएसएमसीचा कारखाना, आणि घडविण्याचे अतिसूक्ष्म छपाईयंत्र करते नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी. सगळ्या जगाचा माल या तीन अरुंद वाटांनी वर चढतो. त्या वाटांवर पहारा बसवून उत्तम प्रतीच्या चिपा चीनला जाऊ द्यावयाच्या नाहीत, असे ठरले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मावळत्या अमेरिकन सरकारने साऱ्या जगाचीच तीन पंक्तींत वाटणी केली. भारताचे पान पहिल्या पंक्तीत नव्हते, मधल्या पंक्तीत होते. मे महिन्यात नव्या सरकारने तो नियम मागे घेतला. ऑगस्टात तर याहून नवल घडले. चीनला विकावयाच्या काही चिपांवरील उत्पन्नाचे १५ टक्के अमेरिकन सरकारला द्यावयाचे, असे दोन कंपन्यांनी मान्य केल्याची वार्ता आली. खिंड बंद ठेवण्यापेक्षा खिंडीत रांजण ठेवणे बरे, हा शोध वॉशिंग्टनला २०२५ साली लागला. वैशाखऱ्याच्या माणसाला तो सांगावा लागत नाही.

परंतु खिंड अडविल्याने प्रतिपक्ष नेहमीच हतबल होतो असे नाही. २० जानेवारी २०२५ रोजी चीनमधील डीपसीक या कंपनीने आपले नवे प्रारूप प्रसिद्ध केले, तेही कोणी उतरवून घ्यावे असे खुले. उत्तम चिपा मिळत नसताना, चीनसाठी मुद्दाम उतरत्या कुवतीच्या केलेल्या चिपांवर आणि फार थोड्या खर्चात आपण काम भागविले, असा कंपनीचा दावा होता. खर्चाचा आकडा वादग्रस्त असला तरी परिणाम वादातीत आहे. २७ जानेवारीला एनव्हिडियाच्या भागांचे मोल एका दिवसात सुमारे ६०० अब्ज डॉलरांनी उतरले.

आमच्याकडेही असा एक प्रसंग होऊन गेला आहे, आणि तो येथे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र देशातच उभे राहिले. म्हणजे आरंभ मागासलेला मुळीच नव्हता. मग मधली पंचवीस वर्षे परवाने, आयात आणि परकीय चलन यांच्या चिंतेत गेली. आयबीएम १९७८ साली देशाबाहेर पडली. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा झाला, तेव्हा अमेरिकेने हात आखडता घेतला. अणुसंशोधनाला त्याचा उपयोग होईल ही शंका. अखेर हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे यंत्र मिळाले, तेही मागितले त्याहून लहान आणि देखरेखीच्या अटींवर. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि विदर्भातील मुरंबा या खेड्यातून आलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. एकच बलाढ्य यंत्र घडविण्याऐवजी अनेक लहान यंत्रे एकत्र जुंपावयाची, असा मार्ग त्यांनी पत्करला, आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाचे भाग मात्र इंग्लंडातील इन्मॉस कंपनीचे होते. आमच्या व्याख्यानांतून ‘परम’ची गोष्ट सांगताना हे शेवटचे वाक्य बहुधा गाळले जाते. ते गाळू नये. जोडणी आपली, कल्पना आपली, पण कच्चा माल परक्याच्या घाटातून आलेला, हे ‘परम’चे खरे चित्र आहे, आणि त्यामुळे त्याच्या कर्त्यांचे मोठेपण तिळभरही उणे होत नाही.

येथे कसाऱ्याच्या घाटापलीकडील एका सापडलेल्या ठेव्याची आठवण होते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक रुपेरी नाणी मिळाली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला आहे. चांदी शत्रूची, छाप आपली. मे २०२५ मध्ये बंगळूरच्या सर्वम् या कंपनीने मराठीसह अनेक भारतीय भाषा जाणणारे एक प्रारूप पुढे आणले, तेव्हा ते फ्रान्समधील मिस्ट्रालच्या खुल्या प्रारूपावर बेतलेले आहे म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. आमच्या मते ही टीका अर्धवट होती. गौतमीपुत्राने ठसा मारला म्हणून त्याला कोणी हिणवीत नाही. मात्र त्याच्याजवळ स्वतःच्या खाणी किती होत्या, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

सरकारला हा प्रश्न पडलेला दिसतो. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय’ अभियानासाठी पाच वर्षांकरिता सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्याखाली २०२५ मध्ये ३८,००० चिपांची सामाईक सोय झाली आणि सवलतीचा दर तासाला सुमारे ६५ रुपये पडला. म्हणजे गावच्या सामाईक मोटेसारखी पाळी लावून पाणी घेण्याची व्यवस्था. पवईच्या आयआयटीच्या पुढाकाराने २०२४ साली ‘भारतजेन’ हा प्रकल्प सुरू झाला आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी स्वतंत्र कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण ठरविले आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद सांगितली. हे सर्व योग्य दिशेने आहे. पण चिपा त्याच तीन वाटांनी येतात, हेही विसरता येत नाही.

आता धंद्याकडे वळू. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी निघाली आणि फकीरचंद कोहली यांनी तिला आकार दिला. तेव्हापासून या धंद्याचे गणित साधे होते: माणूस, तास आणि दर. परदेशी गिऱ्हाईकाला माणसामागे तासाचा दर लावावयाचा, आणि माणसे वाढवीत न्यावयाची. आता आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्रच पुष्कळसे करू लागल्यावर तासच आकसतो, आणि तास आकसला की बिल आकसते. जुलै २०२५ मध्ये याच कंपनीने सुमारे १२,००० जणांना, म्हणजे शंभरांत दोघांना, कमी करण्याचे जाहीर केले. यंत्रबुद्धी हे कारण नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असा खुलासा कंपनीच्या प्रमुखांनी केला. आम्ही तो खुलासा खोटा मानीत नाही. मात्र मेळ कशामुळे बिघडला हा प्रश्न त्यातून सुटत नाही. आसनगाव, आटगाव, वासिंद येथून पहाटेच्या लोकलने ठाणे आणि ऐरोलीकडे जाणारी मुले नोकरीच्या पहिल्या पायरीवर उभी असतात, आणि यंत्र प्रथम खणते ती हीच पायरी. आठ वर्षांचा अनुभव असलेला माणूस यंत्राच्या चुका काढू शकतो. पण तो अनुभव मिळावा कोठे, जर पहिली दोन वर्षेच नाहीशी झाली?

१८६५ साली थळघाटातून आगगाडी इगतपुरीला चढली, तेव्हा शहापूरचा तालुका जगाच्या वाटेवर आला, आणि मुरबाड बाजूला पडले. नाणेघाटाने मालाची वाहतूक झाली नाही तरी चालेल, असे झाले. कल्याणहून मुरबाडला रेल्वे नेण्याच्या गोष्टी चालल्या आहेत, त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

भाषेचा प्रश्न याहून बारीक आहे. यंत्र पुस्तकांवर आणि छापील मजकुरावर शिकते. जी मराठी छापली गेली ती त्याला येते. किन्हवली-डोळखांबकडचे ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरात जे बोलतात ते कागदावर फारसे उतरलेलेच नाही. केंद्र शासनाने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम काढला, लोकांनी आपला आवाज दान करावा अशी सोयही केली. परंतु अनुसूचीतल्या बावीस भाषांत कातकरी नाही. उद्या पिकाचा सल्ला, दवाखान्याची चिठ्ठी आणि शासकीय योजनेचा अर्ज हे सारे यंत्राशी बोलून होणार असेल, तर ज्याचे बोलणे यंत्राला कळत नाही त्याला पुन्हा कोणीतरी मध्यस्थ शोधावा लागेल. मध्यस्थ फुकट मिळत नाही हे कातकरी वाडीत वेगळे सांगावयास नको. शहापूरच्या शाळांनी एक वर्ष वाडीवाडीवरची बोली ध्वनिमुद्रित करून नीट लिहून ठेवली, तर ते काम कोणत्याही महासंगणकाहून आम्हांस कमी मोलाचे वाटणार नाही.

शेवटी पाणी. तानसा १८९२ साली पुरे झाले, मोडकसागर १९५७ साली, त्यामागून भातसा. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. आणि याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात; हे येथे बसलेल्या कोणाला नवीन नाही. मुरबाडकडे औद्योगिक महामंडळाचे बारवी धरण आहे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली, तोंडली, मोहघर अशा वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि विस्थापितांच्या घरटी एका माणसाला नोकरी मिळावी म्हणून अनेक वर्षे झगडा चालला. पुढे महामंडळात आणि महानगरपालिकांत काही जणांना नोकऱ्या मिळाल्या. बारवीचे पाणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना जाते. याच पट्ट्यात, रबाळे, महापे, ऐरोली येथे, आज डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. देशातील अशा इमारतींची सुमारे निम्मी कुवत मुंबई आणि आसपास आहे. त्यांतील यंत्रे दिवसरात्र तापतात. कोणी ती हवेने थंड करतात, कोणी पाण्याने. विजेची भूक मात्र सर्वांना सारखीच आहे. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांत सवलती देऊ केल्या आहेत. राज्याराज्यांत चढाओढ आहे, सवलत न दिली तर इमारत दुसरीकडे जाईल, हे आम्ही जाणतो. परंतु सवलत देणारा काही अटीही घालू शकतो. प्रत्येक डेटा सेंटरने आपण वर्षाला किती पाणी आणि किती वीज घेतली हे जाहीर करावे, आणि ते पाणी ज्या धरणातून आले त्या धरणाच्या तालुक्यातील मुलांना आपल्याकडे उमेदवारी द्यावी, एवढी अट घालण्यास नवा कायदा लागेल असे आम्हांस वाटत नाही. बारवीच्या लोकांनी नोकरीची मागणी केली तेव्हा त्यांच्या हाती सातबाराचे उतारे होते आणि बुडालेल्या घरांच्या याद्या होत्या. नव्या मागणीसाठी तशीच यादी लागेल: कोणत्या नळाने, कोणत्या इमारतीत, किती पाणी. ती यादी आज कोणत्याही एका कचेरीत मागावयास गेल्यास मिळेल काय, याची विचारपूस शहापूर आणि मुरबाडच्या पंचायत समित्यांनी या उन्हाळ्यातच सुरू करावी.